टंच सांगता, उगमही सांगा

दहा ग्रॅम सोन्याचा भाव २०२५ मध्ये लाखाच्या वर गेला आणि एक जुना युक्तिवाद नव्या जोमानं ऐकू येऊ लागला. सोनं म्हणजे नुसती हौस नव्हे, अशी त्याची सुरुवात असते. मोबाइलमध्ये सोनं आहे, उपग्रहात आहे, रोगनिदानाच्या पट्टीत आहे. सोन्यावाचून आजचं जग चालणार नाही, तेव्हा खाणींना नावं ठेवू नका. मग पुढची पायरी येते. भारताच्या पोटातही सोनं आहे, ते खणून काढा, आयातीचा खर्च वाचेल, हातांना काम मिळेल. अर्थकारणावरच्या चर्चांत मी हे ऐकलंय, सराफाच्या पेढीवर ऐकलंय, घरच्या लग्नात पंगतीला बसल्यावरही ऐकलंय. ऐकणारे माना डोलावतात. मला मान डोलावता येत नाही.

माझं बालपण सोन्याच्या धुरात गेलं. आम्ही खानापूर तालुक्यातले. वडिलांचं तमिळनाडूत गलाईचं दुकान होतं, म्हणजे जुने दागिने आटवून चोख सोनं काढून द्यायचा धंदा. सोन्याबद्दल मला आकस नाही. त्याच धंद्यावर आमचं घर उभं राहिलं. म्हणूनच सोन्याच्या बाजूनं केलेला खोटा युक्तिवाद मला जास्त टोचतो.

आधी त्यातलं खरं ते मान्य करतो. सोनं गंजत नाही, वीज उत्तम वाहून नेतं, आणि एका ग्रॅमची लांबच लांब तार निघते. म्हणून मोबाइल आणि संगणकातल्या नाजूक जोडण्यांवर त्याचा मुलामा असतो. करोनाच्या रॅपिड चाचणीत किंवा गरोदरपणाच्या चाचणीत जी लाल रेघ उमटते, ती बऱ्याचदा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचे अठरा आरसे सोन्यानं मढवलेले आहेत. या उपयोगांचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्या अठरा आरशांना मिळून सोनं किती लागलं? सुमारे ४८ ग्रॅम, म्हणजे पाच तोळेही नाही. आमच्याकडच्या साध्या लग्नात एवढं सोनं अंगावर असतं.

हिशेब जगाच्या पातळीवर मांडला तरी तसाच येतो. जगभरच्या खाणींतून अलीकडे वर्षाला साडेतीन हजार टनांहून अधिक सोनं निघतं. इलेक्ट्रॉनिक्स, दंतवैद्यक आणि इतर सगळे उद्योग मिळून २०२४ मध्ये सव्वातीनशे टनांच्या आसपास सोनं वापरलं गेलं. आणि त्याच वर्षी जुनं सोनं आटवून तेराशे टनांहून जास्त सोनं पुन्हा बाजारात आलं. याचा अर्थ असा की उद्या जगातली प्रत्येक खाण बंद झाली तरी मोबाइल, उपग्रह आणि चाचणीच्या पट्ट्या यांना लागणारं सोनं नुसत्या मोडीतून चौपट भागेल. उपग्रहाच्या नावानं खाणीचं समर्थन करणाऱ्यानं हा एक आकडा समोर ठेवून पुन्हा बोलावं.

मग उरलेलं सोनं जातं कुठं? मोठा भाग दागिन्यांत, बराचसा बिस्किटं-नाण्यांत, आणि २०२२ पासून सलग तीन वर्षं दरसाल हजार टनांहून अधिक मध्यवर्ती बँकांच्या तिजोऱ्यांत. एका देशात जमिनीखालून दगड फोडून वर काढायचं आणि दुसऱ्या देशात तळघरात नेऊन ठेवायचं. यावर मला नेहमी १९९१ ची आठवण करून दिली जाते. गंगाजळी आटली तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवलं आणि देशाची पत राखली, हे खरंच आहे. ते पाऊल उचलणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ते सोनं आधीच तिजोरीत होतं. अडीनडीला सोनं जवळ असावं, इतकंच त्या प्रसंगातून सिद्ध होतं. दरवर्षी नवे डोंगर फोडावेत हे सिद्ध होत नाही. आतापर्यंत माणसानं जमिनीतून काढलेलं सोनं दोन लाख टनांच्या वर आहे, आणि त्यातलं जवळजवळ सगळं अजून जमिनीवरच आहे. खाल्ल्यानं अन्न संपतं, जाळल्यानं कोळसा संपतो, सोनं तसं संपत नाही. खाण हवी असं म्हणणाऱ्यांनी या एका गुणाचं उत्तर द्यायला हवं, आणि ते कुणी देत नाही.

आता आपल्या देशातल्या खाणींबद्दल. कोलारच्या सोन्याच्या खाणींवर सिनेमे निघाले आणि नव्या पिढीला ते नाव ठाऊक झालं, पण तिथली वस्ती पाहिलेली माणसं आपल्याकडं थोडी. मी तमिळ बोलू शकतो, त्यामुळं तिथं गेलो तेव्हा लोक मोकळेपणानं बोलले. कामगार मूळचे बहुतेक तमिळ, बहुतेक दलित, मद्रास प्रांतातून आणलेले. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीनं तिथं पाय रोवले. चॅम्पियन रीफची खाण वाढत वाढत सव्वातीन किलोमीटर खोल गेली. त्या खोलीवर दगडच तापलेला असतो, आणि दाबानं तो अचानक फुटतो. या स्फोटांत माणसं गाडली जात. जी वाचली त्यांच्या छातीत दगडाची धूळ बसली. वर साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. खाली रांगेनं बांधलेल्या ठेंगण्या खोल्या. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज थेट या खाणींना आली, बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागायच्याही आधी. आणि त्याच वसाहतीतले कोरडे संडास पुढं कितीतरी दशकं माणसं हातानं साफ करत होती. सफाई कर्मचारी आंदोलन उभारणारे, मॅगसेसे पुरस्कार मिळवणारे बेझवाडा विल्सन याच वस्तीत जन्मले. त्यांच्या घरातली माणसं तेच काम करत. ज्या गावानं टनावारी सोनं दिलं, त्या गावाला पाण्याचा साधा संडास मिळाला नाही. खाण आली की विकास येतो, असं सांगणाऱ्यानं हे गाव एकदा पाहावं.

२८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. मागं उरले ते सायनाइडचे ढिगारे. दगडाचं पीठ करून ते सायनाइडच्या पाण्यात घोळायचं, म्हणजे सोनं विरघळून वेगळं होतं. मग उरलेला चोथा टाकायचा. असा सुमारे तीन कोटी तीस लाख टन चोथा तिथं डोंगरांसारखा पडून आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की त्याची पांढुरकी भुकटी घरांत शिरते, ताटात बसते. तिथली तरुण मुलं पहाटेच्या गाडीनं बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात. मारीकुप्पम स्थानकावर ती गर्दी मी पाहिली आहे. माझ्याशी बोलणारे एक निवृत्त कामगार एका दमात चार वाक्यं बोलू शकत नव्हते.

आणि एवढ्या सगळ्याच्या बदल्यात सोनं किती मिळालं? सव्वाशे वर्षांत सुमारे आठशे टन. भारत आज जवळपास तेवढंच सोनं एका वर्षात आयात करतो. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण, जी आज देशातली प्रमुख चालू खाण आहे, ती वर्षाला दीड टनाच्या आसपास देते. आयात थांबवायची तर पाचेकशे हट्टी लागतील. २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये तीन हजार टन सोनं सापडल्याची बातमी देशभर गाजली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला खुलासा करावा लागला की तिथं आहे ते सुमारे १६० किलो. ‘आयात वाचेल’ हा मुद्दा असा आकड्यांपुढं उभाच राहत नाही.

कोलारच्या त्या ढिगाऱ्यांतून पुन्हा सोनं काढायच्या प्रस्तावाला २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं संमती दिली. त्याला माझा सरसकट विरोध नाही. तो दगड फोडून झालेला आहे, त्यात नवं विवर खणायचं नाही. पण अट एकच असावी: ढिगारा हलवताना उडणारी धूळ आधी आवरा, आणि त्या सोन्याचा पहिला पैसा त्याच वस्तीतल्या घरांना, पाण्याला आणि दवाखान्याला द्या. ही अट नसेल तर तिथल्या लोकांची दुसऱ्यांदा लूट होईल.

बाहेरच्या जगात काय चाललंय तेही थोडक्यात सांगतो. आजच्या अनेक खाणींत टनभर दगडामागं एक-दोन ग्रॅम सोनं मिळतं. म्हणजे बोटातल्या एका अंगठीसाठी टनावारी दगडाचं पीठ होतं. २००० च्या जानेवारीत रुमानियातल्या बाया मारे इथं अशा चोथ्याचा बांध फुटला आणि सायनाइडचं पाणी तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेलं. हंगेरीत टनावारी मासे मेले. ब्राझीलमधल्या यानोमामी आदिवासींच्या जंगलात बेकायदा सोनं काढणारे हजारोंनी घुसले, नद्यांत पारा आला, मलेरिया आणि उपासमार आली. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. दक्षिण आफ्रिकेत स्टिलफाँटेन इथल्या सोडून दिलेल्या खाणीतून जानेवारी २०२५ मध्ये ७८ मृतदेह वर काढले गेले. ती पोटासाठी खाली उतरलेली माणसं होती. पोलिसांनी त्यांचा अन्नपुरवठा रोखून धरला होता.

इथं मला एक खरा आक्षेप ऐकवला जातो, आणि त्याला मी बगल देणार नाही. जगात एक-दोन कोटी माणसं हातानं, घमेल्यानं, छोट्या पंपानं सोनं काढून जगतात. खाणी बंद करा म्हणणारा यांच्या पोटावर पाय देतो. आक्षेप रास्त आहे. ही माणसं मातीत पारा मिसळतात, पारा सोन्याचे कण धरून ठेवतो, तो गोळा फडक्यातून पिळायचा आणि तव्यावर तापवायचा. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं तव्यात उरतं. तो तवा अनेकदा घरातलाच असतो, आणि शेजारी पोरं बसलेली असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या पाहणीप्रमाणं माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त पारा या कामातून जातो. तरीही या लोकांना गुन्हेगार ठरवायला माझा नकार आहे. पाऱ्यावाचून सोनं काढायच्या रीती आहेत. फिलिपिन्समध्ये काही छोटे खाणकामगार काही दशकांपासून टाकणखारानं सोनं आटवतात, आणि टाकणखार आमच्या गलाईच्या दुकानातही रोज लागायचा. फेअरट्रेडसारखी प्रमाणपत्रं घेऊन नियमानं सोनं काढणाऱ्या छोट्या खाणकामगारांच्या संस्था पेरूसारख्या देशांत उभ्या आहेत. नवं सोनं घ्यायचंच असेल तर आधी या माणसांकडून, पाऱ्याविना काढलेलं आणि रास्त भावानं घ्यावं. कंपनीच्या महाकाय खाणींसाठी मात्र या गरिबांची ढाल करू नये. त्या खाणींत यंत्रं असतात, हात थोडे असतात.

दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचं आहे. खाणींना विरोध करणारे काही सज्जन शेवटी येऊन बायकांच्या दागिन्यांवर घसरतात. सोन्याचा सोस सोडा, असा उपदेश करतात. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, घराच्या उताऱ्यावर नाही, तिच्या नावावर जगात काय आहे? गळ्यातलं डोरलं आणि हातातल्या पाटल्या. नवऱ्याच्या आजारपणात, मुलाच्या फीला, पाऊस न पडलेल्या वर्षी बियाण्याला तेच गहाण पडतं. माझ्या आईची बोरमाळ तीनदा गहाण पडली आणि तीनदा सुटली. आमची शाळा तिच्यावर झाली. आधी जमीन तिच्या नावावर करा आणि मग तिला सोन्यावर भाषण द्या.

सक्तीनं काय होतं हे देशानं पाहिलेलं आहे. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली. लोकांनी सोनं सोडलं नाही. मोडली ती सोनारांची घरं; कित्येक देशोधडीला लागले, काहींनी जीव दिले. चोरटं सोनं समुद्रानं मुंबईत उतरत राहिलं. १९६८ मध्ये कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्द करावा लागला. २०१५ ची सुवर्ण मुद्रीकरण योजना गोड बोलून आली, तरी साऱ्या देशातून नऊ वर्षांत तीसेक टन सोनंच तिच्यात जमा झालं. बँकेत ठेवायचं म्हणजे आईची बोरमाळ आटवायची, हे कुठल्या लेकीला रुचेल?

मग माझं म्हणणं काय? भारतातल्या घरांत आणि देवळांत मिळून पंचवीस हजार टनांच्या आसपास सोनं असावं, असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे तीस कोलार आपल्या कपाटांत आहेत. त्यातलं कुणाकडूनही हिसकावून घ्यायचं नाही. पण दरवर्षी लोक आपण होऊन मोड देतातच: दागिना जुना झाला, नवा घडवायचा आहे, पैशाची नड आहे. ही मोड नीट गोळा होणं, स्वच्छपणे शुद्ध होणं आणि तिला मान मिळणं ही आपली खरी खाण आहे. आणि ती खाण आजवर कुणी चालवली? विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी भागांतून बाहेर पडलेल्या माणसांनी. पाऊस नाही म्हणून गाव सोडलं आणि केरळपासून आसामपर्यंत सराफ बाजारांच्या बोळांत दहा बाय दहाच्या खोल्या घेतल्या. मुशीत दागिना आटवायचा, चांदी मिसळून त्याचे दाणे पाडायचे, ते तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी तपकिरी भुकटी उरते, तेच चोख सोनं. उकळताना तांबूस धूर निघतो. तो धूर घशात बसला की रात्रभर खोकला थांबत नाही, मी लहानपणी त्याच खोलीत झोपलो आहे. आमच्या वडिलांसारख्या शेकडोंनी तो धूर आयुष्यभर घेतला. वर कधी चोरीचा माल घेतल्याच्या संशयावरून दुकानातलं सोनं उचलून नेलं जायचं, आणि ते परत मिळवण्यात वर्षं जायची.

नव्या खाणींच्या शोधासाठी सरकार सवलती देतं, लिलाव करतं. या माणसांच्या खोलीत धूर शोषणारं यंत्र बसवायला अनुदान का नाही? त्यांची शिकाऊ पोरं कामगार म्हणून नोंदली का जात नाहीत? मोडीचं सोनं शुद्ध करणारा हा कारागीर देशाचं परकीय चलन वाचवतो, एक ग्रॅम दगडही न फोडता. खाणीतल्या सोन्यापेक्षा याच्या सोन्यावर कर कमी का नसावा?

शेवटचा मुद्दा पेढीवरचा आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक येतो. ही चांगली गोष्ट झाली, गिऱ्हाइकाची फसवणूक कमी झाली. पण तो क्रमांक सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, सांगतो, उगम सांगत नाही. आपल्याकडं येणाऱ्या सोन्याचा सर्वांत मोठा वाटा वर्षानुवर्षं स्वित्झर्लंडमधून येतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये सोन्याची खाण म्हणावी अशी खाण नाही. तिथं शुद्धीकरणाचे कारखाने आहेत. पेरूचं, घानाचं, आणखी कुठकुठलं सोनं तिथं जातं, आटतं आणि एकसारखी लखलखीत वीट होऊन बाहेर पडतं. वीट झाली की तिच्यातली नदी, तिच्यातला पारा, तिच्यातलं मरण कुणाला दिसत नाही.

आटवलेल्या सोन्याचा माग लागत नाही, असं सराफ म्हणतात. एकदा आटलं की लागत नाही, हे भट्टीपुढं वाढलेल्या मला सांगायला नको. पण आटवण्याआधी लागतो. शुद्धीकरण करणाऱ्याला माल कुणाकडून आला हे ठाऊक असतंच, त्याच्या वहीत ते लिहिलेलंही असतं. लंडनच्या बाजारानं २०१२ पासून आपल्या यादीतल्या कारखान्यांना माल कुठून आला याची तपासणी बंधनकारक केली आहे. ती माहिती कारखान्याच्या वहीत राहते, गिऱ्हाइकापर्यंत उतरत नाही. हॉलमार्कच्या त्याच क्रमांकामागं तीनपैकी एक नोंद असावी: मोडीचं सोनं, अमुक देशातल्या खाणीचं सोनं, किंवा उगम अज्ञात. यासाठी नवं खातं नको, नवी इमारत नको. क्रमांकाची यंत्रणा आज चालू आहे. ‘उगम अज्ञात’ असं लिहिलेला दागिना लेकीच्या गळ्यात घालताना आईबाप क्षणभर थांबतील, यावर माझा विश्वास आहे.

तोवर हे काम आपल्यालाच करायचं आहे. गुढीपाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, लग्नाच्या बस्त्याच्या वेळी पेढीवर जाल तेव्हा भाव विचाराल, घडणावळ विचाराल, टंच तपासाल. त्याच दमात विचारा, हे सोनं मोडीचं की खाणीचं, आणि खाणीचं असेल तर कुठल्या खाणीचं. पेढीवाल्याला उत्तर देता आलं नाही तर तसं त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या.